बोटीच्या पॉवरफुल इंजिनाला कार्ब्युरेटर कुठला घ्यायचा आणि तो ट्यून कसा करायचा

शेवरोलेचं ४५४ बिग ब्लॉक, म्हणजे ७.४ लिटरचं व्ही-८, १९७० साली आलं ते गाड्यांसाठी, पण अमेरिकेत लोकांनी ते तेवढ्याच हौसेने बोटींमध्ये बसवलं आणि अ‍ॅरिझोना-कॅलिफोर्नियाच्या सीमेवर लेक हवासूला जुन्या जेट बोटींमध्ये (प्रोपेलरऐवजी पंपाने पाणी मागे फेकून चालणाऱ्या) ते आजही ऐकू येतं. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी अशी जुनी बोट घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, थोडक्यात कार्ब) कुठला टाकू. आणि उत्तर देणारे बहुतेक जण गाडीच्या अनुभवावरून उत्तर देतात, तिथेच घोळ होतो. लोखंड तेच, पिस्टन तेच, पण बोटीत त्या इंजिनावर लोड वेगळा पडतो आणि कार्ब लोड बघून चालतो, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

गाडी एकदा स्पीडला आली की अ‍ॅक्सिलरेटर थोडासाच दाबलेला असतो, सपाट हायवेवर इंजिन जवळजवळ आराम करत असतं. बोटीत तो आराम कधी नसतोच, पाणी सतत मागे ओढत असतं, आणि प्रोपेलर फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे आरपीएम दुप्पट केले की ताकद आठपट लागते. भरलेला ट्रक घेऊन कधीच न संपणारा कसारा घाट चढत राहायचा, तसं बोटीच्या इंजिनाचं आयुष्य असतं. त्यामुळे गाडीत मिक्श्चर जरा लीन असेल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असेल, तर फार तर पिकअप खातो, बोटीत तीच चूक दहा मिनिटं फुल थ्रॉटलला चालू राहिली तर पिस्टनला भोक पडतं किंवा व्हॉल्व्ह जळतो. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

आता साइज. कार्बचा साइज सीएफएममध्ये मोजतात, मिनिटाला किती घनफूट हवा जाऊ शकते तो आकडा. किती लागेल ते काढायचं सूत्र सोपं आहे, इंजिनाचे घनइंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले ३४५६. हे ३४५६ कुठून आलं तर एका घनफुटात १७२८ घनइंच असतात आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांमध्ये एकदा आपली पूर्ण हवा ओढतं, म्हणून त्याची दुप्पट. ४५४ ला ५००० आरपीएमवर धरलं तर येतात ६५७. पण इंजिन शंभर टक्के भरतच नाही, साधं स्टॉक इंजिन ८५ टक्क्यांच्या आसपास भरतं, मग उरले जेमतेम ५६०. चांगली सिलिंडर हेड्स, मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ५८०० आरपीएम आणि ९५ टक्के भरणं असं सगळं धरलं तरी ७२४ होतात. म्हणजे स्टॉकच्या जवळपासच्या ४५४ ला ६०० ते ७५० मध्ये काम होतं, बऱ्यापैकी तयार केलेल्या इंजिनाला ७५० ते ८००, आणि दुकानात जो ८५० किंवा १०५० चमकत असतो तो ज्या इंजिनासाठी आहे ते इंजिन तुमच्याकडे असतं तर तुम्हाला हा लेख लागला नसता.

मोठा घेतला तर बिघडतं काय? कार्बमधून हवा जोरात गेली की व्हेंच्युरीत, म्हणजे मधल्या निमुळत्या भागात, दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर येतं. भोक मोठं केलं की तेवढ्याच हवेचा वेग कमी पडतो, ओढ कमी होते, पेट्रोल नीट बारीक फवाऱ्यात येत नाही. वरच्या आरपीएमला मोठा कार्ब डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, थोडे हॉर्सपॉवर जास्त दाखवेलही, ते खोटं नाही, पण डॉकवरून निघताना, स्कीवाल्याला ओढताना, प्लेनिंगला येताना, म्हणजे बोट पाण्यावर उचलून सरकायला लागते तेव्हा, जो मधला पट्टा लागतो तिथे बोट मंद वाटते. माझं मत स्पष्ट आहे, दोन साइजमध्ये अडकलात तर लहान घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, बॅरल म्हणजे कार्बमधली हवा जायची नळी, आणि फोर-बॅरलचा सीएफएम १.५ इंच मर्क्युरीच्या दाबफरकावर मोजतात आणि टू-बॅरलचा ३ इंचावर, त्यामुळे ५०० चा टू-बॅरल आणि ५०० चा फोर-बॅरल सारखे नसतात, टू-बॅरलच्या आकड्याला १.४ ने भागलं की तुलना होते.

आणि कार्ब लहान पडतोय की नाही ह्यावर वाद घालत बसायची गरज नाही, मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बखालून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम गेज लावा आणि पाण्यावर फुल थ्रॉटल द्या. काटा एक-दीड इंचाच्या आत असेल तर कार्ब पुरेसा आहे, दोनच्या वर राहत असेल तर कुठेतरी हवा अडतेय. अडवणारा कार्बच असेल असं नाही, फ्लेम अ‍ॅरेस्टर (कार्बवरची ज्वाला अडवणारी जाळी) मळलेला असतो, किंवा इंजिनाच्या खोलीला पुरेशी हवाच येत नसते. ही टेस्ट हॅच, म्हणजे इंजिनावरचं झाकण, बंद ठेवून करा, कारण बोट तुम्ही हॅच बंद ठेवूनच चालवणार आहात, उघड्या हॅचवर छान चाललेलं इंजिन बंद हॅचमध्ये गरम हवा खात वेगळंच वागतं.

आता मरीन कार्ब की गाडीचा कार्ब. ह्यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. दोघं बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात, किमतीत फरक असतो, म्हणून लोक गाडीचा टाकतात. पण गाडीच्या कार्बमध्ये फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) अडकला किंवा त्याने बंद होणाऱ्या नीडलखाली कचरा आला की पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन व्हेंटमधून बाहेर, मॅनिफोल्डवर सांडतं. गाडीत ते रस्त्यावर पडून उडून जातं. बोटीला खाली भोक नसतं, ते बिल्जमध्ये, म्हणजे तळाशी, साठतं, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असल्यामुळे तिथेच बसून राहते, एका ठिणगीची वाट बघत. मरीन कार्बमध्ये व्हेंटच्या नळ्या वाकवून कार्बच्या घशात सोडलेल्या असतात, त्यांना जे-ट्यूब म्हणतात, म्हणजे जास्तीचं पेट्रोल इंजिनातच जातं, बाहेर नाही. थ्रॉटलच्या शाफ्टलाही खाचा असतात, तिथून झिरपलेलं पेट्रोल आतच वळतं. अमेरिकन कोस्ट गार्डचा नियमच आहे की फ्लोट व्हॉल्व्ह उघडा राहिला असताना कार्बमधून ३० सेकंदात ५ सीसीपेक्षा जास्त पेट्रोल बाहेर गळता कामा नये. तोच विचार बाकीच्या पार्ट्सना, मरीन स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर असे बनवलेले असतात की आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही, आणि मेकॅनिकल फ्युएल पंपचा डायफ्राम फाटला तर ते पेट्रोल नळीने कार्बमध्ये नेतात. गाडीचा पंप लावलात की ती सोय गेली.

वर एअर क्लीनर नाही, फ्लेम अ‍ॅरेस्टर लागतो, बॅकफायर झाला तर ज्वाला जाळीतच विझावी म्हणून. आउटबोर्ड सोडून बाकी पेट्रोल इंजिनांना अमेरिकेत एप्रिल १९४० नंतर हे बंधनकारक आहे. ट्यूनिंग करताना "पाच मिनिटांसाठी काढतो" असं कुणी म्हटलं तर त्याला थांबवा, नेमका ट्यूनिंगच्या वेळीच बॅकफायर होतो, आणि शिवाय अ‍ॅरेस्टर काढून केलेलं सेटिंग तो लावल्यावर बदलतं, म्हणजे उपयोगही शून्य. स्टार्टरला हात लावण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवायचा आणि नाकाने बिल्जचा वास घ्यायचा, प्रत्येक वेळी, कार्ब उघडून बंद केल्यावर तर नक्कीच.

कुठल्या जातीचा घ्यायचा, तर होली, एडलब्रॉक आणि जुन्या बोटींवरचा रॉचेस्टर क्वाड्राजेट हे तीन नेहमी समोर येतात. क्वाड्राजेटचे पुढचे दोन बॅरल लहान आणि मागचे दोन खूप मोठे, त्यामुळे हळू चालताना पेट्रोल कमी पितो आणि दाबला की भरपूर हवा देतो, चांगल्या अवस्थेत असेल तर लोक सांगतात तेवढा तो वाईट नाही, उगाच फेकून देऊ नका. एडलब्रॉकचे मरीन मॉडेल १४०९ म्हणजे ६०० सीएफएम आणि १४१० म्हणजे ७५० सीएफएम, जुन्या कार्टर एएफबीच्या घराण्यातले. ह्यांची मोठी सोय अशी की मीटरिंग रॉड, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सळई, आणि त्याखालची स्प्रिंग वरून स्क्रू काढून दोन मिनिटांत बदलता येते, पेट्रोल सांडत नाही. होलीमध्ये जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं छोटं भोक असलेला स्क्रू, बदलायचा तर बाजूचा बोल, म्हणजे पेट्रोल साठवणारी वाटी, काढावा लागतो आणि थोडंफार पेट्रोल सांडतंच, हे बोटीत डोलत्या पाण्यावर, गरम इंजिनाशेजारी करायचं म्हणजे जपून, खाली डबा आणि फडकं धरून, इंजिन गार झाल्यावर. पण जोरात चालणाऱ्या इंजिनासाठी होलीमध्ये प्रत्येक गोष्ट बदलता येते, पार्ट कुठेही मिळतात, त्यामुळे परफॉर्मन्सवाले तिकडेच वळतात आणि ते बरोबरच आहे. होलीतही ४१६० च्या मागच्या बाजूला जेटऐवजी प्लेट असते, ४१५० ला दोन्हीकडे मीटरिंग ब्लॉक आणि जेट असतात, ट्यूनिंगची हौस असेल तर ४१५० घ्या. मागचे दोन बॅरल व्हॅक्यूमने उघडणारे घ्यायचे की मेकॅनिकल, तर फॅमिली बोट, स्की बोट, जड क्रूझर ह्यांना व्हॅक्यूम, इंजिन मागेल तेवढंच उघडतं. हलकी बोट, मोठा कॅम, जेट पंप असेल तर मेकॅनिकल, म्हणजे डबल पंपर.

ट्यूनिंगला हात घालण्याआधी बाकीचं सगळं ठीक आहे ना ते बघायचं, नाहीतर कार्बला उगाच शिक्षा होते. इग्निशन टायमिंग, प्लग, कॉम्प्रेशन, इनटेक गॅस्केटमधून हवा शिरतेय का. प्रोपेलर तर फार महत्त्वाचा, इंजिनाच्या कंपनीने फुल थ्रॉटलची जी आरपीएम रेंज दिलीये, तिथपर्यंत ते पोचलंच पाहिजे. पोचत नसेल तर पिच (प्रोपेलर एका फेरीत जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) जास्त आहे, एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. जेट बोटीत हेच काम इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाचा) कट करतो. पेट्रोल लाइनमधला अँटी-सायफन व्हॉल्व्ह ही अजून एक जागा जिकडे कुणी बघत नाही, नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल आपोआप बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून तो टाकीच्या तोंडाशी असतो, त्यात कचरा अडकला की हळू चालताना सगळं मस्त आणि वरच्या आरपीएमला इंजिन उपाशी, आणि माणूस बिचारा जेट मोठे करत बसतो. म्हणून फ्युएल प्रेशर गेज लावा, होलीला ५ ते ७ पीएसआय, एडलब्रॉकला साडेपाचच्या आसपास, आणि हे फुल थ्रॉटललाही टिकलं पाहिजे.

आयडल आधी. फ्लोट लेव्हल बरोबर करून घ्या, बोट पाण्यात सपाट असताना, ट्रेलरवर नाक वर असताना बघितलेली लेव्हल खोटी असते. मिक्श्चर स्क्रू हलकेच पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर, इंजिन पूर्ण गरम करा आणि व्हॅक्यूम गेज बघत सगळे स्क्रू सारखे-सारखे थोडे फिरवत काटा सगळ्यात वर जाईल तिथे थांबा. हे घरासमोर नळाची पाइप लावून केलं तर अंदाज येतो, पण खरं सेटिंग पाण्यात, गिअर टाकून, कारण गिअरमध्ये स्लो पडला आणि डॉकला लागताना इंजिन बंद झालं तर बोट कुणाच्या तरी अंगावर जाते. आयडलसाठी थ्रॉटल खूपच उघडावा लागत असेल तर खालचा ट्रान्सफर स्लॉट, म्हणजे थ्रॉटल प्लेटजवळची पेट्रोलची फट, जास्त उघडा पडतो आणि मिक्श्चर स्क्रू फिरवून काही फरकच पडत नाही, हे लक्षण दिसलं की स्क्रूशी भांडू नका, मागच्या बॅरलची थ्रॉटल प्लेट किंचित उघडून पुढची बंद करा.

मग पॉवर व्हॉल्व्ह, आणि गाडीचा नियम सगळ्यात जास्त फसवतो तो इथे. होलीचा पॉवर व्हॉल्व्ह व्हॅक्यूम एका आकड्याच्या खाली गेला की उघडतो आणि जास्तीचं पेट्रोल देतो, ६.५ लिहिलेला असेल तर साडेसहा इंचाला. गाडीवाले सांगतात आयडलच्या व्हॅक्यूमच्या निम्मा घ्या. बोट आयडलला चालवायला आपण घेत नाही, ती चालते ३००० ते ३५०० वर तासन् तास, लोडखाली, म्हणून तिथला व्हॅक्यूम बघायचा. तुमच्या नेहमीच्या स्पीडला काटा १० वर स्थिर असेल तर ८.५ चा व्हॉल्व्ह चालेल, म्हणजे क्रूझला बंद आणि थोडा लोड वाढला की लगेच उघडा. पण माणसं भरली, टाकी भरली आणि क्रूझलाच काटा ५ वर आला तर इंजिन जोर लावतंय आणि व्हॉल्व्ह उघडा असणंच योग्य आहे, तिथे पेट्रोल वाचवायला जाऊ नका. सगळ्यात वाईट म्हणजे काटा व्हॉल्व्हच्या आकड्याशीच खेळत राहणं, तो उघड-बंद होत राहतो आणि बोट लाटेवर नसतानाही हेलकावते. काही जण व्हॉल्व्ह काढून बूच मारतात आणि जेट सहा ते दहा नंबर वाढवतात, ते फक्त सतत फुल थ्रॉटलच्या रेसला ठीक, बाकी वेळ इंजिन काळा धूर काढत सिलिंडरच्या भिंती धूत बसतं आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

मेन जेटसाठी नियम एकच, रिचकडून (पेट्रोल जास्त) लीनकडे (पेट्रोल कमी) यायचं, उलटं कधीच नाही. बॉक्समधून आलेल्या जेटपेक्षा दोन नंबर वरचे टाका, फुल थ्रॉटल पास घ्या, मग एकेक नंबर खाली. होलीचा एक नंबर म्हणजे पेट्रोलात साधारण ४ टक्क्यांचा फरक. एअर-फ्युएल मीटर असेल तर फुल थ्रॉटलला १२.५ च्या आसपास (एक भाग पेट्रोलला वजनाने १२.५ भाग हवा), लोडखालच्या क्रूझला १३ ते १३.५, १४.७ हा पुस्तकी आकडा बोटीत विसरा. मीटरचा सेन्सर मात्र जिथे एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळतं त्याच्या बऱ्याच आधी, कोरड्या भागात बसायला हवा, पाण्याचा एक थेंब लागला की तो गेला. मोठ्या कॅमवर स्लोला पाणी उलटं मागे ओढलं जातं हेही धरून चला.

मीटर नसेल तर प्लग वाचायचे. जुनी पद्धत म्हणजे फुल थ्रॉटलला इग्निशन बंद करून प्लग काढणं, पण बोटीत ती धोक्याची आहे, कारण जेट बोटीला थ्रस्ट गेला की स्टिअरिंगच राहत नाही, आणि कुठलीही बोट अचानक थांबली की मागची स्वतःचीच लाट ट्रान्सममधून, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवरून, आत येते, एक्झॉस्टमधून पाणी इंजिनात चढू शकतं. करायचंच असेल तर मोकळं पाणी, सरळ रेषा, मागे कुणी नाही हे बघून. अनलेडेड पेट्रोलमध्ये प्लगच्या टोकाला रंग फारसा येत नाही, पोर्सिलेनच्या तळाशी खोलवर हलकी तपकिरी रेघ दिसते ती बघायची. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूडसारखे काळे किंवा चमकणारे ठिपके दिसले तर डेटोनेशन, म्हणजे मिक्श्चरचा अवेळी स्फोट, चालू आहे, चमकणारे ठिपके पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असतं, तिथेच थांबा आणि हळू परत या.

थ्रॉटल एकदम दाबल्यावर बोट क्षणभर गुदमरून मग उचलत असेल तर ते अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं काम, हवा लगेच धावते आणि पेट्रोल मागे पडतं ती पोकळी पंप भरतो. खोकून कार्बमधून पॉप आला तर पेट्रोल कमी, नोझल मोठं करा, ३१ नंबर म्हणजे इंचाच्या ३१ हजारांश, तिथून ३५ वर जा. काळा धूर येऊन मंद उचलली तर उलटं. लिव्हर आणि पंप आर्ममध्ये ढिलाई अजिबात नको, पण फुल थ्रॉटललाही आर्मला इंचाच्या १५ हजारांश एवढी हालचाल उरली पाहिजे, नाहीतर डायफ्राम फाटतो. जोरात निघताना नाक वर होतं आणि मागच्या बोलमधलं पेट्रोल जेटपासून दूर मागे सरकतं, तेव्हा मागच्या जेटला एक्स्टेंशन नळ्या लावतात, पॉवरफुल हलक्या बोटीत त्यांचा खरंच फरक पडतो.

राहिलं पेट्रोल आणि उंची. अमेरिकेत पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने मिक्श्चर तीन-चार टक्के लीन होतं, म्हणजे जवळजवळ एक जेट, आणि ई-१५, म्हणजे १५ टक्के इथेनॉलवालं, तर बोटीत टाकायला परवानगीच नाही. आपल्याकडे आता २० टक्के मिसळलेलं पेट्रोल आलंय, त्यामुळे मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात कार्बवाले टू-स्ट्रोक आउटबोर्ड चालवणाऱ्यांनी प्लगकडे जास्त वेळा बघावं, टू-स्ट्रोक लीन चालला की ऑइलही कमी मिळतं आणि पिस्टन जॅम होतो. उंचीचं उलट आहे, दर हजार फुटांना हवा साधारण तीन टक्के पातळ होते, त्यामुळे मिक्श्चर रिच होत जातं आणि दर दोन हजार फुटांना एक जेट नंबर कमी करतात. हवासू साडेचारशे फुटांवर आहे आणि लेक टाहो ६२०० फुटांच्या वर, म्हणजे तिकडे जाताना तीन नंबर खाली, आणि परत खाली आलात की पाण्यात उतरण्याआधी ते तीन नंबर परत चढवायचे, ट्रेलरवरच, कारण टाहोचे जेट हवासूच्या जड हवेत फुल थ्रॉटलला तेवढेच लीन पडतात.